देवाला रोज ४१६ लिटर

सेप्टिक टँक या विषयावर आपण कधी चारचौघात भाषण करू असं मला वाटलं नव्हतं. गेल्या मंगळवारी टाउन हॉलमध्ये ते करून झालं, आणि आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते दीड मिनिटात पाण्यात घातलं.

आम्ही राहतो मॅसॅच्युसेट्समध्ये, गावाचं नाव सांगत नाही कारण अजून इथेच राहायचंय. ड्रेनेज लाइन नाही, घरोघरी सेप्टिक. आमचं लीच फील्ड, म्हणजे शोषखड्ड्याचा थोरला भाऊ, यंदा बसलं. लॉनवर एकच पट्टा हिरवागार दिसायला लागला तेव्हा नवरा खुश, म्हणे खत लागू पडलं. खतच होतं म्हणा. आता नवीन बांधायचं तर टायटल फाइव्ह नावाचा राज्याचा नियम, त्यात फील्डच्या तळापासून जमिनीतलं पाणी चार फूट खाली पाहिजे, आमच्याकडे जेमतेम तीन भरतं, मग गावाच्या बोर्ड ऑफ हेल्थकडे व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सूट, मागायचा आणि त्यासाठी लागून असलेल्या अकरा शेजाऱ्यांना स्वखर्चाने सर्टिफाइड मेल पाठवायचं. लग्नाची आमंत्रणं जावीत तशी पाकिटं गेली. आमचं घर तुंबलंय, अगत्य येण्याचे करावे.

बरं, हेच बोर्ड फ्लूची लस पण देतं. संडास आणि लस एकाच टेबलावर. राज्यात ३५१ गावं-शहरं आणि जवळपास प्रत्येकाचं बोर्ड वेगळं, वर ज्याचे त्याचे जास्तीचे नियम. परंपरा जुनी आहे: पोरांच्या इतिहासाच्या पुस्तकात अमेरिकन क्रांतीच्या धड्यात रात्री घोडा दामटत जाणारा तो पॉल रिव्हिअर, तो १७९९ साली बोस्टनच्या हेल्थ बोर्डाचा पहिला अध्यक्ष झाला. क्रांती झाल्यावर माणसाने करायचं तरी काय. आणि १९०२ मध्ये केंब्रिजच्या बोर्डाने देवीची लस सक्तीची केली, एका पाद्र्याने ती घेतली नाही, पाच डॉलर दंड झाला तोही भरला नाही, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९०५ मध्ये बोर्डाच्या बाजूने निकाल लागला. देवीच्या बाबतीत बोर्ड जिंकलं एवढं लक्षात ठेवा, पुढे देव येणारेत.

तर त्या दिवशी चार ते सात लसीकरण आणि सातला आमची सुनावणी. आई सहा महिन्यांसाठी आल्यात, फुकट लस मिळते म्हटल्यावर त्या आधीच पर्स घेऊन तयार. लस झाली, "आता आलेच आहे तर बसते" म्हणाल्या. मी हो म्हटलं. चूक माझीच.

सगळं बरं चाललं होतं. इंजिनिअरने नकाशा लावला, तीन बेडरूम, नियमात सांडपाणी बेडरूमवर मोजतात, बेडरूमला ११० गॅलन, दिवसाला ३३० गॅलन. तेवढ्यात मागच्या घरातले आजोबा उठले. त्यांची विहीर आहे. दंडावर लसीची गोल पट्टी, बाही अजून वरच. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, ही चौथी खोली कसली?

मी म्हटलं, प्रेयर रूम. अध्यक्षांनी चष्मा लावला. खिडकी आहे? आहे. वीज? आहे. सत्तर चौरस फुटांच्या वर? हो. दार लागतं? लागतं. मग म्हणाले, या खोलीत कोणी झोपतं का?

मी "नो" म्हणायला तोंड उघडलं आणि मागून आवाज आला, "येस सर. गॉड स्लीप्स."

आईंनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. समोरच्याला कळलं नाही की त्या पुन्हा समजावतात, अजून सोपं करून. त्या उठल्या आणि शेजारती समजावली. रोज रात्री साडेनऊ. छोटी गादी, छोटी उशी, हिवाळ्यात लोकरीची शाल ("आय निटेड"), उशाशी पाण्याचा गडू, मग पडदा. पहाटे उठवणं. अध्यक्षांनी विचारलं, एकूण किती जण?

"फाइव्ह. बट ओन्ली बालकृष्ण लाइज डाउन. शंकर, गणपती, नो. दे सिट."

क्लार्कबाई हे सगळं टाइप करत होत्या. सभेच्या मिनिट्समध्ये, म्हणजे इतिवृत्तात, आलं असणार, बालकृष्णाचं स्पेलिंग काय केलं देव जाणे.

आजोबांना विहिरीची काळजी, त्यांचं बरोबरच आहे. म्हणाले, ते अंघोळ करतात का? आई म्हणाल्या, रोज. सभागृह गप्प. मी खुर्चीत शक्य तेवढी लहान झाले. "बट नो वेस्ट वॉटर," आई म्हणाल्या, "वुई ड्रिंक इट." आजोबा खाली बसले. मग आईंनी हिशोब मांडला: ११० गॅलन म्हणजे ४१६ लिटर, आमच्या अभिषेकाला लागतं पाव लिटरपेक्षा कमी, त्यातलं तीर्थ आम्ही घेतो, उरलेलं तुळशीला, सेप्टिकमध्ये शून्य. गणित चोख होतं. नियमात शून्याची बेडरूम नाही एवढंच.

चार बेडरूम धरल्या तर ४४० गॅलन, आणि तेवढं फील्ड मागच्या अंगणात बसत नाही, पाठीमागे ओढा. शेवटी म्हणाले, डीडवर, म्हणजे घराच्या खरेदीखतावर, तीन बेडरूमचं बंधन नोंदवा, देवघराचं दार काढा, सुधारित नकाशा आणा, पुढच्या महिन्यात बघू. म्हणजे इंजिनिअरचे अजून दोन हप्ते. मला राग याचा येतो की घर विकताना हीच खोली "ऑफिस" म्हणून जाहिरातीत झळकत होती, आम्ही तिचे पैसे मोजले, तिचा टॅक्स दरवर्षी भरतो, तेव्हा कोणी नाही विचारलं इथे कोण झोपतं. सेप्टिकसाठी राज्य १८,००० डॉलरपर्यंत टॅक्स क्रेडिट देतं म्हणे, पण वर्षाला जास्तीत जास्त ४,०००, आणि कंत्राटदाराला मात्र सगळे आत्ता पाहिजेत.

गाडीत मी काही बोलले नाही. आई दंड चोळत म्हणाल्या, "अगं, शपथेवर खोटं कसं बोलायचं?" शपथ कोणी घेतलीच नव्हती.

दार आता गॅरेजमध्ये उभं आहे, स्नो ब्लोअरच्या मागे. आईंनी चौकटीला जुन्या नऊवारीचा पडदा लावलाय, कारण देवाला उजेडात झोप येत नाही. पडदा म्हणजे दार धरतात का, असं इंजिनिअरला विचारलंय, फोटो पण पाठवला. उत्तर अजून नाही. मेल वाचल्याचं बिल आलंय.