इतवारीतल्या प्रेसच्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी तीन दिसतात: आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराने सोमवारी केलेलं काम गुरुवारी पुन्हा बिघडलं, दुसऱ्या व्हिजिटचे पैसे वेगळे लागले, आणि "सगळ्याला ७७७ मारून द्या म्हटलं तर ऐकलं नाही, उगाच वेळ खाल्ला." (७७७ म्हणजे फायली वाचण्या-लिहिण्या-चालवण्याचा हक्क सगळ्यांनाच देणारी परवानगी.) ऐन लग्नसराईत पत्रिकांचं काम अडलं की डोकं फिरणारच, ते समजू शकतो. पण रिव्ह्यू बाकीचेही वाचतात, म्हणून काय झालं होतं ते इथेच लिहितो.

सोमवारी डिझायनरच्या उबुंटूवर (लिनक्सच्या मशीनवर) पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि पुन्हा लॉगिनचाच चौकोन यायचा. पासवर्ड चुकीचा असता तर मशीनने तसं सांगितलं असतं. पोराने कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर त्याच पासवर्डने लॉगिन केलं, झालं. डिस्क गच्च भरली तरी हेच लक्षण दिसतं, म्हणून तीही पाहिली, जागा होती. मग 'एलएस -एलए' करून होम फोल्डरची (युजरच्या स्वतःच्या फोल्डरची) यादी काढली, तर 'डॉट एक्सऑथॉरिटी' या, लॉगिननंतर स्क्रीन उघडायला लागणाऱ्या फाइलसमोर मालक म्हणून डिझायनरऐवजी रूट, म्हणजे मशीनचा मुख्य युजर! एखादा खिडकीवाला प्रोग्राम सुडो लावून (रूटच्या अधिकाराने) उघडला की असं होऊ शकतं. मालकी परत फिरवली, लॉगिन सुरू. तुमच्यासमोरच तपासून पोरगा निघाला.

गुरुवारचा बिघाड निराळा होता. ऑफिसातली मशीन सुरळीत होती, पण घरून एसएसएचने (दुरून लॉगिन करायच्या सोयीने) येणारे आत येत नव्हते आणि रात्रीचा बॅकअपही थांबला होता. सर्व्हरच्या ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदीत) कारण स्पष्ट लिहिलेलं होतं: 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स', म्हणजे मालकी किंवा परवानग्या चुकीच्या. टर्मिनलच्या हिस्टरीत मधल्या दिवसात कुणीतरी चालवलेली ओळ सापडली, अख्ख्या होमवर 'सुडो चमॉड -आर ७७७', म्हणजे आतल्या सगळ्याची परवानगी ७७७ करणारी. आता ज्या होम फोल्डरमध्ये कुणीही लिहू शकतो, तिथल्या चावीवर (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या फाइलवर) एसएसएच भरवसा ठेवत नाही. उद्या कुणी स्वतःची चावी तिथे टाकून आत शिरेल, म्हणून ते दारच बंद करतं. बॅकअपची खासगी चावीही सगळ्यांना वाचता येत होती, तीसुद्धा एसएसएचने नाकारली. म्हणजे जे ७७७ तुम्ही आमच्याकडे मागत होता, त्यानेच लॉगिन बंद पडलं होतं साहेब.

वेळ गेला तो हे निस्तरण्यात. चाव्या ठेवायचं डॉट एसएसएच फोल्डर ७००, चाव्या ६०० (दोन्हीत हक्क फक्त मालकाला), होमवरून इतरांचा लिहिण्याचा हक्क काढला, तोही प्रत्येक युजरचा वेगवेगळा पाहून. तुमची खरी गरज एवढीच होती की पत्रिकांच्या फायली तिन्ही डिझायनरना उघडता आणि बदलता याव्यात. त्यासाठी एक ग्रुप केला, सामायिक फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर करून २७७५ दिलं, म्हणजे मालक आणि ग्रुप बदल करू शकतात, बाकीचे नुसतं पाहू शकतात. पुढचा तो २ महत्त्वाचा, त्यामुळे आत बनणारी नवी फाइल आपोआप त्याच ग्रुपची होते. उमास्कही (नव्या फाइलचे कोणते हक्क कापायचे ते ठरवणारा आकडा) ००२ केला, नाहीतर एकाने बनवलेली फाइल दुसऱ्याला नुसती वाचता येते.

"एवढं करूनही फोल्डर उघडेना" असंही तुम्ही लिहिलंय. तिघांनाही पोराने लॉगआउट करून परत या म्हणून सांगितलं होतं. ग्रुपमध्ये नाव टाकलं तरी चालू लॉगिनला ते कळत नाही, नव्या लॉगिनलाच लागू होतं. दोघे आले, तिसऱ्याचं डिझाइन अर्धवट होतं म्हणून तो थांबला. दुपारी त्याचंही उघडलं, तुमचाच फोन आला होता तसा.

त्यामुळे दुसऱ्या व्हिजिटचं बिल तेच राहील. सोमवारचाच बिघाड परत आला असता तर एक रुपयाही घेतला नसता. दोन्ही दिवसांच्या लॉगची प्रत आमच्याकडे ठेवली आहे, दुकानात या, बसून दाखवतो. आणि परमिशन बदलायची वेळ आली तर आधी फोन करा, फोनवर सांगायचे पैसे आम्ही लावत नाही.