खुलासा : सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकण्याबाबत

नागपुरातील सायकलस्वारांमध्ये असा संदेश फिरत आहे की, माउंटन बाइकच्या सीटवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले, तरच सीटची उंची योग्य समजावी. हे बरोबर नाही. या सायकलीत पायडलचा आस खडकांना लागू नये म्हणून मुद्दाम उंच ठेवलेला असतो. त्यामुळे पाय टेकतील इतकी सीट खाली घेतली, तर गुडघा सतत जास्त दुमडलेला राहतो आणि सेमिनरी हिल्सचा चढ चढताना त्याच्या वाटीवर नाहक ताण येतो.

भिंतीला हात टेकून सीटवर बसावे, पायडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी; पाय सरळ झाला, की उंची जमली. प्रत्यक्ष चालवताना पायडलवर चवडा येतो आणि गुडघ्यात सुमारे २५ ते ३५ अंशांचा हवा तेवढा बाक राहतो. कंबर डावीउजवीकडे डोलू लागली, तर सीट थोडी खाली घ्यावी. सीटच्या दांडीवरची मर्यादेची खूण मात्र कधीही बाहेर दिसू देऊ नये, कारण त्यापुढे दांडी वाकण्याचा, फ्रेम तडकण्याचा धोका असतो. सिग्नलला थांबताना सीटवरून पुढे सरकून एक पाय टेकावा.