खड्डा जुना, अध्यक्ष नवा

अभिनंदन! यंदा क्लबचे अध्यक्ष तुम्ही. बाकी सगळ्यांनी आपापल्या मधुमेहाची, मुलीच्या लग्नाची आणि आंब्याच्या हंगामाची कारणं वेळेत पुढे केली आणि तुम्हाला ऐनवेळी एकही सुचलं नाही. नेतृत्वगुण म्हणतात ते हेच. आता माघार नाही, तेव्हा चार गोष्टी ऐकून ठेवा. समाजसेवेचा क्लब रोटरीच्या चाकाचा असो की लायन्सच्या सिंहाचा, तालुक्याच्या गावात पोचेपर्यंत सगळ्यांची रीत एकच होते.

तुमचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. ही तारीख ठरवणाऱ्या साहेबांनी आषाढातलं कोकण पाहिलेलं नसावं. गावात लावणी चालू, तरवा काढायची घाई, बायामाणसं गुडघाभर चिखलात, वीज आली की गेली, आणि तुम्हाला मंगल कार्यालयात सूट घालून पदग्रहण करायचं आहे. सूट शिवाच. गणपती उरकल्यावर कपाटातून काढाल तेव्हा त्यावर हिरवी बुरशी चढलेली असेल. हरकत नाही, पर्यावरण हा यंदाचा विषय आहेच.

व्यासपीठावर खुर्च्या भरपूर ठेवा, समोर कमी पडल्या तरी चालतील. सत्कार शाल-श्रीफळानेच करायचा. ज्याच्या परसात चाळीस माड उभे आहेत त्याला नारळ द्यायचा, आणि ज्या हवेत बनियनसुद्धा नकोसं होतं तिथे त्याच्या खांद्यावर शाल घालायची. पाहुणा तो नारळ घरी नेतो आणि बायको शेंडीवरून ओळखते, की हा आपणच परवा दुकानात घातला होता.

आभारप्रदर्शनाला मात्र कच्चा माणूस उभा करू नका. मालवणी मुलखातलं देवापुढचं गाऱ्हाणं ऐकलंय ना? बारा-पाचाच्या देवांपासून वेशीवरच्या चाळ्यापर्यंत एकाचंही नाव राहिलं तर कोप ठरलेला. आभारांचंही तसंच: मंडपवाला राहिला तर चालेल, माजी अध्यक्ष राहता कामा नये. फरक एवढाच, की तिकडे दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे जागे असतात.

आता कामाला लागा. पहिला प्रोजेक्ट वृक्षारोपण, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा झाडांच्या नावे आहे. ज्या मुलखात दोन पावसाळ्यांत भिंत फोडून पिंपळ बाहेर येतो तिथे एक रोप लावायला सतरा माणसं दोन गाड्यांनी जातात, याला काही लोक हसतात. हसू द्या. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान गाठा आणि मागच्या वर्षीचा खड्डा शोधा. तो असतोच. आत एक वाळकी काडी असेल, ती मावळत्या अध्यक्षांची. ते शेजारीच उभे असतील, तेव्हा ती जरा अदबीने बाजूला करा. खड्डा खणायची मजुरी वाचली, आणि परंपरेचा मानही राहिला.

ती काडी का झाली, याची चौकशी करू नका. कातळावर वीतभर माती, पाऊस गेला की दिवाळीपुढे ओल टिकत नाही. भात कापून झालं की गुरं मोकाट सुटतात. त्यांच्या तोंडून जे वाचतं ते शिमग्याच्या आगेमागे कुणीतरी लावलेल्या वणव्यात जातं. रोपाला कुंपण लागतं आणि निदान दोन उन्हाळे पाणी लागतं. तुमच्याकडे उन्हाळा एकच, तोही मुलाच्या ॲडमिशनचा. म्हणून फेब्रुवारीत त्या रस्त्याने जाऊच नका. फारच वेळ आली तर गाडीची काच वर ठेवा.

शाळेत गेलाच आहात तर वह्यावाटप उरकून घ्या. पटावर नऊ मुलं असतील आणि क्लबचे चौदा सदस्य, त्यामुळे एकेका वहीला दीड माणूस येतो. दोन टोकं दोघांनी धरायची. गाव मुंबईला गेलेलं, मागे उरलेल्या या नऊ जणांना जुलै महिन्यात पतसंस्था, पक्ष, मुंबईकर मंडळ आणि तुम्ही असे सगळेच वह्या देता. कॅमेऱ्याकडे कधी बघायचं ते आता पहिलीतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. निघताना मास्तर तुम्हाला बाजूला घेऊन गळक्या कौलांचं काहीतरी पुटपुटतील. ‘प्रस्ताव द्या’ म्हणा. कौलं चढवणारा माणूस पाठमोरा दिसतो आणि चढवून झाल्यावर छप्पर पूर्वीसारखंच दिसतं. अहवालात लावायचं काय?

रक्तदान शिबिर हवंच. फक्त मे महिना टाळा. मेमध्ये कॉलेजं बंद, माणसं लग्नांत आणि आंब्यांत, आणि त्यामुळे रक्ताची चणचण. जिथे गरज तिथे गर्दी नसते, आणि गर्दी नसली की फोटो उघडाबोडका येतो. १५ ऑगस्ट धरा, किंवा एखाद्या साहेबांचा वाढदिवस. त्या दिवशी तालुक्यात आणखी चार शिबिरं असतात, वातावरण तयार असतं. आता तांबड्या पेशी रक्तपेढीत ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर ५ दिवस, आणि एकदा रक्त दिलेल्या पुरुषाला पुढचे ३ महिने आणि बाईला ४ महिने पुन्हा देता येत नाही. थोडक्यात, अख्खा तालुका एकाच दिवशी दाता झाला की पुढे तीन महिने कुणाकडे मागायची सोय नाही. रक्तपेढीतला एखादा मुलगा सुचवेलही, की साहेब, गटवार यादी करून द्या, लागेल तसे एकेकाला बोलावू. मुलगा चांगला आहे, पण त्याला क्लब कळलेला नाही. यादीतला माणूस रात्री दोन वाजता बाळंतिणीसाठी पिशवी देऊन येतो. त्या वेळी फोटोग्राफर झोपलेला असतो.

किनारा स्वच्छतेचा दिवस मात्र आयता मिळतो. सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर त्यासाठी पाळतात. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर ही पद्धत सुरू झाली. आपल्याकडे तोवर पावसाळ्याने किनाऱ्यावर भरपूर माल आणून टाकलेला असतो: जाळ्यांचे तुकडे, थर्माकोल, सलाईनच्या बाटल्या, एकेकटी चप्पल. टोप्या, टी-शर्ट, हातमोजे आणि प्रत्येकी पाण्याची एक बाटली घेऊन निघा. बाटली नंतर कुठे टाकायची हे किनाऱ्यावर गेल्यावर आपोआप सुचतं. भरलेल्या गोण्या भरतीच्या रेषेच्या आत नीट ओळीने लावा, फोटो काढा आणि मिसळ खायला जा. अमावास्येच्या उधाणाला दर्या आपलं आपण परत घेऊन जातो. टेम्पोचं भाडं वाचलं, आणि पुढच्या अध्यक्षाला प्रोजेक्ट तयार.

एक प्रोजेक्ट मात्र कुणीही सुचवला तरी मोडून काढा: वनराई बंधारा. दिसायला तो तुमच्यासाठीच केलेला वाटतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यांत माती नि रेती, वरून सुतळीची शिवण, पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, आडव्या रचल्या की झालं. खर्च जवळजवळ नाही. कोकणात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वाडीवर टँकर येतो, कारण उतार आणि जांभा मिळून सगळं पाणी खाडीला पोचवतात. ते महिना-दोन महिने अडलं तर खालच्या विहिरींना तेवढे दिवस जास्त पाणी राहतं. शिवाय हा बंधारा पुढच्या पावसात वाहूनच जातो, म्हणजे एका वर्षाचा हिशेबही जुळतो. मग अडचण कसली? तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पऱ्या वाहता असतानाच घालावा लागतो, तेव्हा दिवाळी असते. पऱ्यापर्यंत गाडी जात नाही. प्रमुख पाहुण्यांना शेवाळावरून उतरवायचं कसं? आणि मुख्य म्हणजे गोणी दोघांनी उचलावी लागते, त्यात एक तुम्ही असता. क्लबमध्ये हौशी कार्यकर्ते फार झाले की असले बंधारे होतात आणि मग वाडीवरचे लोक दर वर्षी दसरा झाला की विचारायला येतात, ‘भाऊ, यंदा कधी?’ एकदा ही सवय लागली की सुटत नाही.

नैसर्गिक आपत्तीची तयारीही ठेवा, कारण ती तुमच्या वर्षात येणार. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरल्या तेव्हा त्या वर्षीच्या अध्यक्षांना खुर्चीत बसून जेमतेम तीन आठवडे झाले होते. पूर ओसरला की मागे चिखल राहतो, आणि चिखलाला फावडी, घमेली, झाडू, ब्लीचिंग पावडर आणि पाठीचे कणे लागतात. तुम्ही जुने कपडे पाठवा. लग्नातली शेरवानी, वहिनींच्या जरीच्या साड्या, कुणाचा तरी ब्लेझर. फावडं हातात असलं की बॅनर धरता येत नाही, हे व्यावहारिक कारण कुणालाही पटेल.

सभा साडेसातची ठेवली की साडेआठला सुरू होते आणि फेलोशिप, म्हणजे जेवण, नऊला. श्रावण लागला की उपस्थिती निम्म्यावर येते आणि सुरमईच्या बातमीने पुन्हा वर जाते. याहून जास्त सभांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सभेत कधीतरी रोटरीची चतुःसूत्री म्हणावी लागेल. शिकागोच्या हर्बर्ट टेलरने १९३२ साली आपली बुडीत चाललेली कंपनी सावरताना हे चार प्रश्न लिहिले: हे खरं आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, सद्भाव आणि मैत्री वाढेल का, सर्वांच्या हिताचं आहे का. उभं राहून एका सुरात म्हणायचे. उत्तरं देण्याची पद्धत नाही. पुढचा विषय लगेच खर्चाच्या मंजुरीचा असतो.

आणि एखादा जुना सदस्य पोलिओची गोष्ट काढील, तेव्हा सावध व्हा. गोष्ट खरी आहे, म्हणूनच अध्यक्षांना घातक आहे. १९८५ साली रोटरीने जगातून पोलिओ हटवायचं मनावर घेतलं. सरकारं, डॉक्टर, आरोग्यसेविका, अंगणवाडीच्या ताई आणि क्लबवाले, सगळे मिळून तेच दोन थेंब, तीच घरं, पुन्हा पुढच्या फेरीला तीच घरं. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. २९ वर्षं! म्हणजे एकेका क्लबाचे २९ अध्यक्ष, आणि त्यातल्या एकालाही ‘माझ्या कारकिर्दीत संपला’ असं म्हणता येत नाही. एवढी अध्यक्षपदं एका थेंबापायी वाया गेली. तुम्ही मोतीबिंदूची मोफत तपासणी ठेवा. तपासणी म्हणतोय मी. शस्त्रक्रियेला म्हातारीला जिल्ह्याच्या गावी न्यायचं, आणायचं, डोळ्यांत थेंब कोण घालणार ते बघायचं, ही कामं तिच्या मुंबईतल्या मुलाची.

प्रत्येक क्लबमध्ये एक विचित्र माणूस असतो. बहुधा खजिनदार. त्याच्या पडवीत दोन व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, पाठ उचलता येणारा पलंग आणि करोनाच्या लाटेत आलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडलेला असतो. कुणाच्या घरी आजारपण आलं की रात्री-अपरात्री त्याच्याकडे फोन जातो, तो वही काढतो, नाव लिहितो, अनामत घेतो, वस्तू परत आली की पुसून ठेवतो. भूकंप झाला तरी ही वही बुलेटिनमध्ये छापू नका. त्याला व्यासपीठावर बोलावू नका, सत्कार तर बिलकूल नको. एकदा का त्याला शाल घातली, की तोही पुढच्या वर्षी अध्यक्ष होईल आणि पडवीला कुलूप लागेल. गावात क्लबचं नाव लोक कशामुळे घेतात हे तुम्हाला कधी ना कधी कळेलच. तेव्हा अहवालात ते ‘इतर उपक्रम’ या सदराखाली अर्ध्या ओळीत टाका.

डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांची, म्हणजे क्लबच्या वरच्या साहेबांची, भेट आली की स्टँडवरचं बाकडं रंगवून घ्या. निवाराशेडचं छप्पर निसर्ग वादळात उडालं असेल तर ते तसंच असू दे, देणगीदाराच्या नावाची पाटी शाबूत आहे ना तेवढं पाहा. बाकडं ओलं असताना साहेब त्यावर बसणार नाहीत एवढी खबरदारी घेतली की भेट यशस्वी झाली.

आता राहिले फ्लेक्स. पदग्रहणाचा, शिबिराचा, किनाऱ्याचा, वह्यांचा, प्रत्येकावर तुमचा पासपोर्ट आकाराचा नव्हे, हातभर फोटो. जून उजाडला की हे ढीगभर साचतात आणि टाकायचे कुठे हा प्रश्न पडतो. चिंता नको, लोक मागून नेतात. गवताच्या उडवीवर, पावसाळी लाकडांच्या माचावर, बकऱ्यांच्या गोठ्याच्या झापांवर ते बरोबर बसतात. खालच्या वाडीतली आजी गेली तीन वर्षं क्लबचाच फ्लेक्स नेते, सध्या तिच्या गोठ्यावर मावळते अध्यक्ष उलटे पडून आभाळाकडे हात जोडताहेत. तिने तुमच्यासाठी निरोप दिलाय: औंदा जरा जाड बघून छापा, गेल्या खेपेचा पागोळीकडून फाटला.