टॉवर आहेत हो, पण दोन टॉवरच्या मधलं काय?

सोलापुरात मोबाइलची कुठलीही तक्रार 'रेंज नाही' इथं येऊन थांबते, आणि तिथंच ती वाया जाते असं माझं मत आहे. चालत्या माणसाचा कॉल मध्येच कटतो, तेव्हा बऱ्याचदा रेंज असते. गडबड होते ती एका टॉवरनं कॉल दुसऱ्या टॉवरकडे सोपवताना. याला हँडओव्हर म्हणतात. महिन्याच्या महिन्याला रिचार्ज मारणाऱ्या प्रत्येकाला हे काम कसं चालतं ते ठाऊक असायला हवं.

शहराची वाटणी छोट्या-छोट्या सेलमध्ये, म्हणजे एकेका टॉवरच्या हद्दीत, करायची आणि तीच फ्रिक्वेन्सी थोड्या अंतरावर पुन्हा वापरायची, ही कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९४७ साली मांडली गेली. तिच्यामुळेच मोजक्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे मोबाइलला मिळालेल्या मोजक्या फ्रिक्वेन्सींमध्ये, लाखो माणसं बोलू शकतात. पण सेल छोटे झाले की सीमा वाढतात. सात रस्त्यावरून होटगी रोडनं निघालात, तर बोलता-बोलता तुमचा कॉल अशा सीमा ओलांडतच जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. ज्यांनी हे जमवलं त्या इंजिनिअरांबद्दल मला मनापासून आदर आहे.

बोलणं चालू असताना तुमचा फोन शेजारच्या टॉवरचे सिग्नल सतत मोजत असतो. २जीमध्ये हा अहवाल दर ४८० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला साधारण दोनदा, नेटवर्ककडे जातो. ४जीमध्ये शेजारचा टॉवर ठरावीक फरकानं सरस ठरला आणि थोडा वेळ तसाच राहिला की फोन ते कळवतो, आणि निर्णय नेटवर्क घेतं. हा फरक केवढा आणि वेळ किती, ते कंपनीची माणसं ठरवतात. फार कमी ठेवलं तर कॉल दोन टॉवरमध्ये उगाच हेलपाटे घालत राहतो. फार जास्त ठेवलं तर फोन जुन्याच टॉवरला धरून बसतो आणि सिग्नल संपून कॉल तुटतो. शिवाय कुठल्या टॉवरचा शेजारी कोण, याची यादी असते. त्या यादीत चूक असेल तर समोर धडधाकट टॉवर असूनही कॉल तिकडे जात नाही. म्हणजे हा दोष लोखंडाचा नाही, लक्ष देण्याचा आहे. नवा टॉवर न उभारताही तो दुरुस्त होऊ शकतो.

आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पुढचा माणूस नंदीध्वजाची उंच काठी पक्की धरतो, मगच आधीचा हात सोडतो. ३जीमध्ये तसंच होतं. फोन एकाच वेळी एकाहून जास्त टॉवरशी जोडलेला असायचा. २जी आणि ४जीमध्ये मात्र आधी सुटतं आणि मग जोडलं जातं. नव्या टॉवरवर जागा आधीच राखलेली असते, म्हणून ती फट कानाला जाणवत नाही. पण जागाच नसेल तर? यात्रेतल्या भोगीच्या दिवशी अक्षता सोहळ्याच्या गर्दीत रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि तरी कॉल लागत नाही. काड्या सिग्नलची ताकद सांगतात, टॉवरवर जागा उरली आहे का ते सांगत नाहीत.

आमच्या घराघरातली मुलं पुण्यात नोकरीला आहेत. रेल्वेगाडीत त्यांचा कॉल माढा-कुर्डुवाडीच्या आसपास तुटतो. मी विचारलं तेव्हा एका ग्राहक सेवा केंद्रानं उत्तर दिलं, "गाडी वेगात असते ना, साहेब." हे मला अजिबात मान्य नाही. ४जीचं तंत्रज्ञान ताशी ३५० किलोमीटर वेग धरून आखलेलं आहे. डब्याचा पत्रा सिग्नल अडवतो, रुळांच्या कडेला टॉवर विरळ असतात आणि गाडीभर फोन एकाच वेळी पुढच्या टॉवरवर जागा मागतात, ही कारणं मला पटतात. पण ती नियोजनाची आहेत, वेगाची नाहीत. कर्नाटकच्या सीमेजवळच्या दुधनीच्या पुढे तर टेलिकॉमच्या हिशेबानं सर्कलच, म्हणजे मोबाइल परवान्याचा प्रदेशच, बदलतं. तिथं चालू कॉल टिकायचा तर कंपनीनं दोन्ही बाजू एकमेकींना नीट जोडलेल्या असाव्या लागतात.

कायद्याकडून काय मिळालं तेही पाहू. कटलेल्या कॉलला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन कॉल, अशी भरपाई ग्राहकाला देण्याचा आदेश ट्राय या दूरसंचार नियामकानं २०१५ साली काढला होता. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये तो रद्द केला. मग २०१७ साली निकष बदलला आणि सरासरीऐवजी असं ठरलं की किमान ९० टक्के सेलमध्ये, किमान ९० टक्के दिवस, कॉल कटण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत हवं. सरासरीपेक्षा हे नक्कीच बरं. पण उरलेल्या दहा टक्क्यांत कोण राहतं? निकष अख्ख्या सर्कलवर लागू झाला की अक्कलकोट, मंगळवेढ्यासारखे तालुके त्या दहा टक्क्यांत सहज दडून जातात, ही माझी खरी भीती आहे. कंपन्यांनी वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे टाकावेत असा नियम २०२४ मध्ये आला. त्याच नकाशावर कॉल कुठे तुटतात तेही दाखवा, एवढीच माझी मागणी आहे.

तोवर तक्रार करताना 'रेंज नाही' लिहू नका. जागा लिहा, वेळ लिहा, आणि कुठून कुठे चालला होतात तेही लिहा, कारण जाताना टिकणारा कॉल येताना त्याच जागी तुटू शकतो. एकाच जागेची नोंद दहा जणांनी केली, तर 'तुमचा हँडसेट तपासा' म्हणून कुणाला बोळवता येणार नाही. माझी नोंद अशी: विजापूर रोड, सैफुलकडून शहरात येताना, संध्याकाळी. तुमची खाली कमेंटमध्ये टाका. मी सगळ्या एकत्र करून त्या-त्या कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे पाठवतो.