उकळत्या पाण्यानं पाळीचा डाग जात नाही, पक्का होतो

«पाळीचं रक्त म्हणजे शरीरातलं अशुद्ध रक्त. त्याचे डाग पडलेल्या चड्ड्या आधी उकळत्या पाण्यात टाका, मग ब्लीचमध्ये लिंबू पिळून घासा. शेवटच्या पाण्यात अँटिसेप्टिक घाला आणि कुणाच्या नजरेस पडणार नाहीत अशा सावलीत वाळवा. डाग तपकिरी असेल तर गर्भाशयात विष साठलंय असं समजा. डाग राहिलाच तर ती चड्डी वापरू नका, फेकून द्या. प्रत्येक आईनं आपल्या मुलीला पाठवा.»

हा मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. तिसऱ्यांदा तो माझ्या बहिणीनं पाठवला होता, कारण माझ्या भाचीला नुकतीच पाळी सुरू झाली आहे. पोरीनं तो वाचून खरोखरच पातेल्यात पाणी उकळलं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि एक तर जिवावर बेतू शकतं.

पहिलं वाक्य आधी घेते, कारण बाकीच्या चुका त्यातूनच निघाल्या आहेत. «अशुद्ध रक्त.» पाळीच्या स्रावात असतं काय? रक्तवाहिन्यांतलं नेहमीचं रक्त, गर्भाशयाचं सुटून आलेलं अस्तर आणि योनीमार्गातला स्राव. शरीर विष साठवून महिन्याला बाहेर टाकतं असं काही घडत नाही. गर्भ राहिला नाही की त्याच्यासाठी तयार झालेलं अस्तर गळून पडतं, एवढंच. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. गुडघा फुटल्यावर फ्रॉकला लागतं तेच हे रक्त. पण एकदा ते घाण ठरवलं की माणूस जाळायला, उकळायला, तेजाबानं घासायला धावतो. मेसेज लिहिणाऱ्यानं तेच केलंय.

आता उकळतं पाणी. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६० अंशांपासून घट्ट व्हायला लागतो आणि एकदा घट्ट झाला की पुन्हा पातळ होत नाही. रक्तातही प्रथिनंच असतात, मुख्य म्हणजे लाल रंगाचं हिमोग्लोबिन. उकळत्या पाण्यात ती सुती धाग्यांमध्येच शिजतात आणि तिथेच बसतात. लालसर डाग तपकिरी होतो आणि मग कितीही घासा, हलत नाही. हॉस्टेलला असताना मी गीझरच्या कढत पाण्यात एकामागून एक कपडे खराब केले होते. डाग जात नाही तो आपण नीट घासत नाही म्हणून, असं तेव्हा वाटायचं. चूक हातांची नव्हती, पाण्याची होती.

याउलट साध्या गार पाण्यात लाल पेशी फुगून फुटतात आणि आतला रंग पाण्यात उतरतो. म्हणून डाग ओला असतानाच कपडा उलटा करा आणि मागच्या बाजूनं गार पाणी घाला. रक्त ज्या बाजूनं आत शिरलं त्याच बाजूनं बाहेर ढकलायचं. घासायची घाई नको, आधी नुसतं भिजू द्या. पाणी लाल झालं की बदला, पुन्हा भिजवा. वाहता नळच हवा असंही नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. अशा जिल्ह्यांतल्या बाईला «दहा मिनिटं नळाखाली धरा» हा सल्ला काय कामाचा? एक तांब्या पाणी आणि एक जुनं भांडं पुरतं, आणि भिजवलेलं पाणी मोरीत जातं.

पाणी जवळजवळ स्वच्छ निघू लागलं की कपड्याला साबणाची वडी लावा, हलक्या हातानं चुरा, धुवा. बहुतेक ताजे डाग इथेच संपतात. चमचाभर मीठ घातलं तर ताज्या डागाला थोडी मदत होते, चमत्कार होत नाही.

वाळलेला डाग हट्टी असतो, कारण हिमोग्लोबिन जुनं होत जातं तसं पाण्यात कमी विरघळतं. त्याला रात्रभर गार पाण्यात ठेवा. मग पाकिटावर एन्झाइमचा उल्लेख असलेल्या कपडे धुण्याच्या पावडरीत किंवा लिक्विडमध्ये तास-दोन तास भिजवा. त्यातली प्रोटीएज नावाची एन्झाइम प्रथिनांचे तुकडे करतात आणि तुकडे पाण्यात सुटतात. ही पायरी कोमट पाण्यात केली तरी चालते, कारण अंघोळीच्या कोमट पाण्यानं रक्त शिजत नाही आणि एन्झाइमना ती ऊब मानवते. फक्त रेशमी कपड्यांना हे नको. रेशीम स्वतःच प्रथिन आहे.

तरीही खूण उरली आणि कपडा पांढरा असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. औषधांच्या दुकानात «२० व्हॉल्यूम» लिहिलेली बाटली मिळते, ते द्रावण सुमारे ६ टक्के असतं. त्यात तेवढंच पाणी घाला, थेंब थेंब डागावर सोडा, फेस येईल. रक्तातल्या कॅटलेज या एन्झाइममुळे पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो, त्याचा हा फेस. फेस थांबला की गार पाण्यानं धुऊन टाका. रंगीत कपड्यावर आधी शिवणीच्या आतल्या बाजूला लावून बघा, कारण रंग उडू शकतो. आणि हे फक्त कपड्यासाठी, अंगाला लावायचं नाही.

आता त्या धोकादायक वाक्याकडे येते. «ब्लीचमध्ये लिंबू पिळा.» कृपा करून असं कुणीही, कधीही करू नका. घरगुती ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. त्यात लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. आपली बाथरूम म्हणजे चार फुटांची खोली, खिडकी असली तर हातभर, आणि मुलगी दार लावून आत बसलेली, कारण कुणाला कळू द्यायचं नाही. डोळे, घसा जळायला लागतात, श्वास कोंडतो, दमा असेल तर अवस्था फार वाईट होऊ शकते. कुणी असं मिश्रण केलं असेल तर ताबडतोब बाहेर पडा, मोकळ्या हवेत जा आणि त्रास थांबत नसेल तर डॉक्टर गाठा. वायूचं सोडलं तरी ब्लीच या कामाचं नाहीच. चड्डीच्या कमरेत आणि पायांशी जो ताणणारा धागा असतो तो क्लोरीननं पिवळा पडतो, सैल होतो. एकटं लिंबूही ताज्या रक्तावर नको, आंबटपणानंही प्रथिनं गोठतात.

अँटिसेप्टिकचं थोडक्यात. साबणानं धुऊन पूर्ण वाळवलेला कपडा स्वच्छच असतो. कापडात उरलेलं अँटिसेप्टिक दिवसभर नाजूक त्वचेला लागून राहतं आणि तिथे आग, खाज होऊ शकते.

«तपकिरी डाग म्हणजे विष» या ओळीनं माझी भाची रडली, म्हणून त्या ओळीचा राग मला सगळ्यात जास्त आहे. पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी रक्त हळूहळू येतं, आत जास्त वेळ राहतं, हवेशी संबंध येऊन तपकिरी होतं. कापलेलं सफरचंद तांबूस पडतं तसंच इथेही ऑक्सिजनचंच काम असतं. गडद रंगाच्या चड्डीवर मधोमध फिकट पट्टा पडतो त्यालाही मुली घाबरतात. योनीतला स्राव नैसर्गिकरीत्या आम्ल असतो, त्याचा पीएच (आम्लपणाचं माप) साधारण ३.८ ते ४.५, आणि त्यानं कापडाचा रंग हळूहळू उतरतो. तो आजार नाही. डॉक्टरांकडे जायची कारणं वेगळी आहेत: सलग काही तास दर तासाला पॅड भिजतंय, मोठ्या गाठी पडताहेत, रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालतो आहे, घाण वास आणि खाज आहे, किंवा वयानुसार पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलंय. यांतलं काही असेल तर लाजू नका, उशीर करू नका.

राहिलं सावलीत वाळवणं. मला वाटतं, या मेसेजमधलं सगळ्यात जास्त पाळलं जाणारं वाक्य हेच. आमच्या घरी चड्ड्या आईच्या परकराखाली, परकर टॉवेलाखाली, आणि तो टॉवेल दोरीच्या आतल्या टोकाला असायचा. पावसाळ्यात त्या दोन-दोन दिवस दमट राहायच्या आणि आम्ही तशाच घालायचो. दमटपणात बुरशी वाढते, मांड्यांच्या सांध्यात खाज सुटते, आणि तेही कुणाला सांगायचं नसतं. ऊन आणि वारा फुकट मिळतात. चड्डी उलटी करून उघड्यावर, पसरून घाला. जुलैत मुंबईत किंवा कोकणात ऊनच नसेल तेव्हा खोलीत पंख्याखाली वाळवा आणि वाटल्यास इस्त्री फिरवा, पण डाग पूर्ण गेल्यावरच. इस्त्रीची उष्णताही तो पक्का करते. घरातल्या पुरुषांना दोरीवर चड्डी दिसली तर दिसू दे. त्यांच्या बनियनी तिथेच वाळताहेत.

आणि फेकून द्यायचं? धुतल्यावर उरलेली फिकट खूण म्हणजे घाण नाही, कपडा स्वच्छ झालेला असतो. मी अशा चार-पाच गडद चड्ड्या त्या दिवसांसाठी वेगळ्या ठेवते. भाचीनंही आता कपाटात तसा एक कप्पा केलाय, आणि उकळायला घेतलेलं पातेलं पुन्हा चहाला लागलंय.