फायली वाढल्या म्हणून डीबगिंग अडत नाही

प्रोजेक्टचे दिवस आले की जळगाव-धुळ्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला फिरू लागतो: 'सी प्रोग्राम एकाच फाइलीत ठेवा. फायली वेगळ्या केल्या तर डीबगरला फक्त मेन दिसतो, एरर वाढतात आणि चूक कुठे आहे ते कळत नाही.' या सल्ल्याने मुलांचं नुकसान होतं, म्हणून हे उत्तर.

डीबगर म्हणजे चालता प्रोग्राम मध्येच थांबवून चूक शोधायचं साधन. त्याला फक्त मेन, म्हणजे मुख्य फंक्शन दिसतं, हे साफ चूक. प्रत्येक फाइल कम्पाइल करताना जीसीसी या कम्पाइलरला -जी हा पर्याय द्या. मशीन कोडचा कुठला तुकडा कुठल्या फाइलीतल्या कुठल्या ओळीचा, ही नोंद ऑब्जेक्ट फाइलीत (कम्पाइल होऊन तयार होणाऱ्या .ओ फाइलीत) जाते. मग जीडीबी या डीबगरमध्ये 'ब्रेक वजन.सी:४२' दिलं की प्रोग्राम त्याच ओळीवर थांबतो. मेनच दिसत असेल, तर बाकीच्या फायलींना -जी दिलंय का ते आधी बघा.

एरर वाढतात? 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणजे बहुधा लिंक करताना (ऑब्जेक्ट फायली जोडून एक प्रोग्राम बनवताना) एखादी फाइल द्यायची राहिली किंवा फंक्शनचं नाव चुकलं. 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणजे बहुतेक वेळा ग्लोबल व्हेरिएबल हेडरमध्येच (अनेक .सी फायलींत इन्क्लूड होणाऱ्या .एच फाइलीत) डिफाइन केलंय. हेडरमध्ये एक्स्टर्न (व्हेरिएबलची फक्त ओळख) लिहा, डेफिनिशन एकाच .सी फाइलीत ठेवा. हेडर गार्ड (एकाच .सी फाइलीत तेच हेडर दोनदा येऊ न देणारी युक्ती) इथे कामाचा नाही, कारण प्रत्येक .सी फाइल स्वतंत्र कम्पाइल होते.

चूक कुठे ते कळत नाही, या तिसऱ्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. समजा, रावेरच्या केळीच्या हिशेबाचा प्रोग्राम आहे. माल.एच मधल्या स्ट्रक्चरमध्ये वजन आणि भाव असे दोन डबल होते. कुणीतरी सुरुवातीला घडांच्या संख्येचा इंट घातला. मेकफाइलमध्ये, म्हणजे कुठली फाइल कधी पुन्हा कम्पाइल करायची हे मेक या साधनाला सांगणाऱ्या फाइलीत, हेडरचा उल्लेखच नाही, त्यामुळे स्वतः बदललेली मेन.सी तेवढी नव्याने कम्पाइल झाली, वजन.ओ जुनीच राहिली. आता वजन भलतंच छापलं जातं, आणि वजन.सी कितीही वेळा वाचली तरी तिच्यात चूक सापडत नाही. अशा वेळी वजन.सी मधल्या फंक्शनमध्ये थांबून स्ट्रक्चरचा साइझऑफ (बाइटमधला आकार) प्रिंट करा: १६. 'अप' देऊन मेनच्या फ्रेममध्ये, म्हणजे हे फंक्शन बोलावणाऱ्या मेनमध्ये जा, पुन्हा तेच विचारा: २४. चोर सापडला: दोन फायलींना तेच स्ट्रक्चर वेगवेगळ्या आकाराचं वाटतंय.

एकाच फाइलीत हा घोटाळा झाला नसता, हे कबूल. पण जीसीसीला -एमएमडी देऊन तयार झालेल्या .डी फायली (कुठली फाइल कुठल्या हेडरवर अवलंबून आहे याच्या याद्या) मेकफाइलमध्ये इन्क्लूड केल्या, की हेडर बदलल्यावर त्यावर अवलंबून असलेली प्रत्येक फाइल मेक स्वतःच पुन्हा कम्पाइल करतो. उलट चौघांनी एकच फाइल पेनड्राइव्हवरून फिरवली, तर एकाचं काम दुसऱ्याच्या कॉपीखाली पुसलं जातं, आणि ते कुठलाच डीबगर परत आणून देत नाही.