बोट जाण्याआधीचा कायदा

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्याबद्दल मायदेशात जो वाद चालू आहे, तो बराचसा एका आकड्याभोवती फिरतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार विजेचा वापर असेल तर १० कामगारांच्या आणि नसेल तर २० कामगारांच्या जागेला कारखाना म्हटले जात असे. या चारांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेने हे आकडे अनुक्रमे २० आणि ४० केले. यामुळे कितीतरी कामगार संरक्षणाबाहेर फेकले गेले, असे एक बाजू म्हणते. लहान उद्योजकाच्या मागचा ससेमिरा सुटला, असे दुसरी. ब्रिटनमधल्या एका पुस्तकबांधणीच्या कार्यशाळेत काम करताना मी हा वाद वाचते, तेव्हा दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारावासा वाटतो. जिथे मालक धरून चार-पाच माणसे राबतात, तिथल्या कटिंग मशीनच्या पात्याचे काय? तिथे जुना आकडाही कधी पोहोचला नव्हता.

बाइंडिंग हा मुळात लहान जागांचा धंदा आहे. एक कटिंग मशीन, एक तारेची पिन मारणारे यंत्र, एक दाबयंत्र आणि बाकीची घडी, जुळणी, शिलाई हातावर, एवढ्यावर कितीतरी कार्यशाळा चालतात. पण कामगार थोडे आहेत म्हणून पाते बोथट होत नाही. पॅरिसच्या गियोम मासिको यांनी १८४४ मध्ये कागद कापण्याच्या या यंत्राचे पेटंट घेतले, आणि तेव्हाचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. गठ्ठा ठोकून सारखा करायचा आणि मागच्या टेकीला भिडवायचा. मग दाबपट्टी खाली येऊन कागद घट्ट धरते आणि पाते तिरके सरकत उतरते. कागदाचे शेकडो थर जे पाते एका दमात कापते, त्याला बोटाचे हाड जाणवतसुद्धा नाही. दाबपट्टीचा धोका तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पात्याची भीती सगळ्यांना असते. पण गठ्ठ्याचा कोपरा सावरणारी बोटे पायाने चालणाऱ्या त्या पट्टीखाली चेचली जातात, तेव्हा पाते अजून वरच असते.

अपघात झाला की मायदेशात पहिला शब्द निघतो तो ‘निष्काळजीपणा’. मालक तो उच्चारतो, शेजारचे सहकारी उच्चारतात आणि पुष्कळदा जखमी माणूस स्वतःच ते कबूल करतो. मला हे निदान अपुरे वाटते. आधुनिक यंत्रावर पाते खाली आणायला दोन्ही हातांनी दोन बटणे दाबावी लागतात आणि समोर प्रकाशकिरणांचा पडदा असतो. हात आत गेला, किरण अडला की पाते थांबते. यावरची पळवाट सर्वांना ठाऊक आहे. एका बटणाच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा खुपसून ते कायमचे दाबून ठेवायचे, म्हणजे एक हात कागद सावरायला मोकळा राहतो. हे करणारा माणूस बेफिकीर असतो असे नाही. त्याची मजुरी नगावर ठरलेली असते, शाळा सुरू होण्यापूर्वीचा हंगाम असतो, आणि प्रत्येक कापामागे वाचलेला क्षण त्याच्या दिवसाच्या कमाईत दिसतो. म्हणूनच चांगल्या यंत्राची रचना अशी असते की दोन्ही बटणे जवळजवळ एकाच क्षणी दाबली गेली पाहिजेत आणि प्रत्येक कापानंतर दोन्ही सुटली पाहिजेत, नाहीतर पाते हलतच नाही. पुठ्ठ्याचा तुकडा तिथे निरुपयोगी ठरतो. माणूस दमणार, घाई करणार, हे गृहीत धरून केलेली ही रचना भिंतीवरच्या ‘सावधान’च्या पाटीपेक्षा कितीतरी अधिक बोटे वाचवते.

ब्रिटनचा १९९८ चा कार्य-उपकरण नियम हाच क्रम सांगतो. आधी धोकादायक भागाला पक्के आवरण, ते शक्य नसेल तर इतर संरक्षक साधन, तेही पुरेसे नसेल तर हात लांब ठेवणारी ढकलपट्टी किंवा पकड. माहिती आणि प्रशिक्षण या सर्वांच्या जोडीला हवेच, पण त्यांच्या बदली चालत नाही. मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की हा नियम कामगार मोजत नाही. एकच माणूस नोकरीला असला तरी मालकाची जबाबदारी तेवढीच असते, कारण धोका यंत्रात आहे, हजेरीपटात नाही. मायदेशातला वाद १० की २० यावर अडला आहे. तो ‘कोणते यंत्र’ या प्रश्नाकडे वळला तर बाइंडिंगच्या धंद्याला त्याचा खरा उपयोग होईल.

पाते बदलण्याचे काम मात्र असे आहे की तिथे बटणेही मदतीला येत नाहीत आणि किरणांचा पडदाही. त्या वेळी यंत्र बंद असते, आणि नेमके म्हणूनच सर्वांना ते निरुपद्रवी वाटते. धार लावून आलेले पाते जड असते, तेलाने निसरडे असते आणि त्याला धरायला जागा नसते. योग्य पद्धत अशी की पात्याला दोन मुठी असलेली धारक पट्टी आधी बसवायची, मगच शेवटचे बोल्ट सैल करायचे, आणि यंत्रातून काढलेले पाते लगेच लाकडी पेटीत स्क्रूने बसवायचे. ते वर्तमानपत्रात गुंडाळून भिंतीला टेकवणे हा पुढच्या माणसासाठी लावलेला सापळाच असतो. पाते हातातून निसटले तर ते पडू द्यायचे, पाय मागे घ्यायचे आणि पकडायला हात पुढे करायचा नाही. हे सांगायला सोपे असले तरी पडती वस्तू झेलणे हा हाताचा स्वभाव आहे, त्यामुळे याची सवय मुद्दाम करून घ्यावी लागते. हातमोज्यांचेही असेच. पाते बदलताना कापविरोधी मोजे उपयोगी पडतात, पण घडीच्या यंत्राच्या फिरत्या रुळांपाशी तेच मोजे बोटांना आत ओढून नेतात. सरसकट मोजे घाला असा सल्ला देणाऱ्याने ते रूळ जवळून पाहिलेले नसावेत.

मायदेशातल्या चर्चेत जवळजवळ न दिसणारा माणूस म्हणजे जुन्या यंत्रांचा विक्रेता. युरोपात वापरून झालेली यंत्रे भारतात येतात आणि लहान बाइंडरला परवडतात तीच. त्यांतल्या एखाद्या यंत्राचा प्रकाशपडदा बिघडलेला असतो, सुटा भाग महाग असतो, आणि तारा परस्पर जोडून यंत्र चालू करून दिले जाते. भारतीय कायद्यात १९८७ साली यंत्र बनवणाऱ्या, आयात करणाऱ्या आणि पुरवणाऱ्यांवर जबाबदारी टाकली गेली, पण ती ‘कारखान्यात’ वापरायच्या वस्तूंपुरती होती. चार माणसांची कार्यशाळा या व्याख्येतच बसत नव्हती, त्यामुळे तिला विकलेल्या यंत्रालाही ते संरक्षण लागू झाले नाही. ब्रिटनच्या १९७४ च्या सुरक्षा कायद्यात पुरवठादाराची जबाबदारी अशी गिऱ्हाइकाच्या माणसांच्या संख्येवर टांगलेली नाही. शासनाला प्रत्येक लहान कार्यशाळेच्या दारात निरीक्षक उभा करता येणार नाही, हे मी मान्य करते. पण संरक्षक साधने चालू असल्याशिवाय कटिंग मशीन विकता येणार नाही, एवढे म्हणायला निरीक्षकांची फौज लागत नाही. विक्रेते थोडे आहेत, कार्यशाळा पुष्कळ.

याच्या उलट, भरपाईचा कायदा मात्र त्या लहान जागेपर्यंत पोहोचतो. १९२३ च्या भरपाई कायद्याने, ज्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, विजेवर चालणाऱ्या जागेतल्या कामगाराला संख्येची अट न घालता आत घेतले होते. त्याच्या अनुसूचीत अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, करंगळी गेली तर ७ टक्के कमाईची क्षमता गेली असे धरले होते. म्हणजे बोट तुटल्यावर कायदा त्याचे मोल करतो, आणि ते तुटू नये म्हणून त्याच दारात यायला माणसे कमी आहेत म्हणतो. ही विसंगती मला फार अस्वस्थ करते. शिवाय तर्जनी नसलेल्या माणसाने चामड्याची कड पातळ करण्याचा चाकू धरायचा कसा? त्याचे १४ टक्के कौशल्य गेले, असे या धंद्यातला कोणीही म्हणणार नाही. डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डावा हात गमावलेल्या एका सुताराची क्षमता पूर्णपणे गेली असे ठरवले, कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. बाइंडरच्या तर्जनीकडेही त्याच नजरेने पाहिले जावे, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागू नये.

ब्रिटनमध्ये सारे आलबेल आहे असे मात्र मी लिहिणार नाही. इथले पुष्कळ हातबांधणी करणारे कारागीर एकटेच काम करतात, आणि ज्यांच्या कामापासून इतरांना धोका नाही अशा स्वयंरोजगारी लोकांना २०१५ पासून सुरक्षा कायद्यातून वगळले आहे. पोलादी पट्टीच्या कडेबाहेर आलेले बोट आणि बोथट झाल्यामुळे जोर लावून ओढलेली सुरी यांची नोंद कुठेच होत नाही. त्याहून मोठी उणीव हळूहळू होणाऱ्या इजांबाबत आहे. हाडाच्या पट्टीने दिवसभर घड्या दाबणाऱ्या, फर्मे (पुस्तकाच्या घडी घातलेल्या पानांचे जुडगे) शिवणाऱ्या हाताच्या मनगटातली नस दबते, रात्री बोटे बधिर होतात, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. इथल्या कामावरच्या इजा आणि आजारांच्या २०१३ च्या नोंदणी नियमांत मनगटातली नस दबण्याचा हा विकार आहे, पण तो थरथरणाऱ्या किंवा आघात करणाऱ्या हत्यारांमुळे झाला असेल तरच. सुई आणि हाडाची पट्टी थरथरत नाहीत, म्हणून शिवणारीच्या मनगटातल्या दबलेल्या नसेला त्या यादीत जागा नाही. मायदेशात हे काम मोठ्या प्रमाणावर बायका करतात, नगावर करतात, आणि अनेकदा घरी नेऊन करतात. तिथे यंत्र नाही, म्हणून धोका नाही असे समजले जाते. या बाबतीत परदेशाचे अनुकरण पुरणार नाही. राज्यांनी संहितेखालच्या नियमांत घडी आणि शिलाईचे काम आलटून पालटून देण्याची, ठरावीक वेळाने हात थांबवण्याची आणि त्या विसाव्याची मजुरी नगाच्या दरात धरण्याची तरतूद करावी, आणि बधिर झालेल्या बोटांची नोंद तुटलेल्या बोटांच्याच वहीत व्हावी.